लाल इंजिनाचा अपूर्ण पत्ता

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी लेकीला एकच प्रश्न तीनदा विचारला, आणि तिन्ही वेळा तिने एकच उत्तर दिलं.

"लाल इंजिनाला कुठला नंबर देऊ?"

"कुठलाही द्या, बाबा."

लेक तेव्हा गच्चीवरच्या खोलीत खिडकीशी बसून भूमितीच्या पाठ्यपुस्तकाची प्रुफं तपासत होती. चौदाव्या पानावर एका त्रिकोणाला चार कोन छापले होते, आणि अशा त्रिकोणापुढे बापाच्या इंजिनाला महत्त्व ते किती द्यायचं. पेशाच असा, की समोर आलेली वस्तू आधी चुकलेली दिसते आणि मग वेळ उरलाच तर आवडते. तिच्या पाठीमागे आठ बाय चारच्या प्लायवुडवर बाबांनी रुळांची दोन कडी एकमेकांत गुंतवली होती. बुटांच्या खोक्याचा बोगदा होता, आईच्या जुन्या हिरव्या शालीचं कुरण होतं, आणि लाल नि हिरवं अशी दोन इंजिनं अंगात वीज नसल्यामुळे अत्यंत शहाण्यासारखी उभी होती.

"'कुठलाही' या पत्त्यावर आजवर काही पोचलेलं नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि ते जेवायला खाली गेले.

बाबा टपाल खात्यात सॉर्टर होते. आलेल्या पत्रांवरचा पत्ता वाचायचा आणि समोरच्या घोड्यावरच्या, म्हणजे खणाखणांच्या उभ्या मांडणीतल्या, नेमक्या खणात पत्र टाकायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं उभ्याने केलं. निवृत्त झाल्यावर लोक बसतात; बाबांना बसायची सवयच नव्हती. म्हणून त्यांनी कमरेएवढ्या उंचीचं टेबल केलं आणि त्याच्याभोवती उभे राहू लागले. टेबलावर काय मांडायचं हे नंतर ठरलं.

खोली सोसायटीची. ती मिळवायला अर्ज करावा लागला. "सहा महिन्यांच्या आत मी सदर खोलीत रेल्वेगाडी चालवून दाखवीन, अन्यथा खोली रिकामी करीन," असं बाबांनी लिहिलं होतं. लेकीने अर्ज तपासला. इंजिनं दोन आहेत, तर एकवचन कसं चालेल, म्हणून तिने "रेल्वेगाडी" खोडून "रेल्वेगाड्या" केलं आणि भाषा शुद्ध केल्याच्या समाधानात खाली सहीची जागाही आखून दिली. सेक्रेटरींना त्या खोलीत टेबलटेनिसचं टेबल टाकायचं होतं. त्यांनी अर्ज मंजूर केला, पण मुदतीची तारीख स्वतःच्या डायरीत लाल शाईने लिहून ठेवली.

त्या सहा महिन्यांतले साडेचार एकाच प्रश्नात गेले: गाडी चालवायची कशावर? या बाबतीत जगात दोन पंथ आहेत, हे तोवर या घराला ठाऊक नव्हतं. पहिला पंथ बटणवाल्यांचा. गोल बटण फिरवलं की रुळात वीज जाते आणि गाडी पळते. उलटं फिरवलं की मागे येते. या पंथाचे आचार्य म्हणजे खालच्या मजल्यावरचे मीटरवाले काका. उभा जन्म त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात घालवला होता. त्यामुळे वीज ही आपल्या माहेरची, असं ते समजत. "फिरवलं की पळते. माणसाला गाडीकडून आणखी काय हवं असतं?" असं ते दर संध्याकाळी विचारत आणि उत्तराची वाट न बघता टेबलावर टेकत.

दुसरा पंथ डिजिटलवाल्यांचा. त्यात रुळात वीज सदासर्वकाळ भरलेली असते आणि नियंत्रणाची पेटी त्या विजेतूनच हुकूम सोडते. हुकुमावर नंबर असतो. सगळी इंजिनं तो ऐकतात, पण ज्याचा नंबर असेल तेच हलतं. इंजिनाच्या पोटात बसवलेल्या चकतीला हे कळतं म्हणे. ही माहिती वाचून बाबा भर दुपारी खाली आले आणि त्यांनी आईला झोपेतून उठवलं.

"अगं, हे टपाल आहे! काकांचं ते बटण म्हणजे नुसती दवंडी. एकाला हाक मारली की सगळे उठतात. इथे ज्याचं पत्र त्याला."

आई म्हणाली, की चौतीस वर्षं जगाची पत्रं पोचवली, मीठ संपलंय हा घरातला निरोप मात्र अजून पोचलेला नाही. बाबा मीठ आणायला गेले आणि येताना काकांकडे जाऊन त्यांच्याशी पाऊण तास भांडून आले. मीठ काकांच्याच घरी राहिलं.

पेटी इथे मिळत नव्हती. लांबून मागवायची होती. बाबांनी चार पेट्यांचे तक्ते केले, रद्द केले, पुन्हा केले. त्या शेवटच्या साध्या दिवशी सकाळी त्यांनी मागणी पाठवली, दुपारी नंबर द्यायला घेतले, आणि लेकीने सांगितलं, कुठलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. रात्री झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. एवढंच.

तीन आठवड्यांनी पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली. बाबांच्या नावे पार्सल आलं आहे, "पत्त्यावरील इसमाने स्वतः येऊन सोडवून न्यावे." त्याच दिवशी सेक्रेटरी भेटायला आले. त्यांनी बाबांविषयी चांगले शब्द काढले, ते खरेही होते. जाताना दारात थांबून ते हळूच म्हणाले, की मुदत या महिन्याच्या अखेरच्या रविवारी संपते आहे. घाई काही नाही, पण टेबलटेनिसचं टेबल येऊन जिन्याखाली पडलं आहे.

लेक शांतपणे म्हणाली, "रविवारी गाड्या चालतील." आईने तिच्याकडे बघितलं. लेकीला आयुष्यात फ्यूज बदलता आला नव्हता.

पार्सल कचेरीच्या खिडकीवरचा कारकून सज्जन होता. अडचण अशी की तो नियमाने सज्जन होता.

"पत्त्यावरचे गृहस्थ कुठायत?"

"ते वारले."

"मग त्यांचं अधिकारपत्र लागेल."

"कुठल्या तारखेचं? आधीच्या की नंतरच्या?"

कारकुनाने यावर खरोखर विचार केला, शेजारच्या खिडकीला विचारलं आणि नंतरचं चालणार नाही असं सांगितलं. मग त्याने बिल वाचलं: "रेल्वे नियंत्रण यंत्रणा, एक नग." रेल्वेचं नियंत्रण खाजगी व्यक्तीला करायचं असेल तर रेल्वे खात्याचं ना-हरकत पत्र हवं, हे ओघानेच आलं. खेळणं असं लिहून द्या, लगेच सोडतो, असा मार्गही त्याने सुचवला. पण तो शब्द बाबांनी त्या खोलीत कधी येऊ दिला नव्हता. लेकीने "प्रतिकृती" लिहिलं. कारकून हळहळला. प्रतिकृती म्हणजे नकली, आणि नकली मालाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर.

दुसऱ्या मजल्याने तिला पुन्हा पहिल्यावर पाठवलं, मात्र रिकाम्या हाताने नव्हे. एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, "मयताचा व्यवसाय." लेकीने सवयीने लिहिलं, "सरकारी नोकरी." शाळेच्या पहिल्या फॉर्मपासून ती हेच लिहीत आली होती. पुढचा रकाना होता, "मयताचा सध्याचा पत्ता."

लेक थांबली. मग तिने, फार हळू आवाजात, इथे "सध्याचा" हा शब्द चुकला आहे, "अखेरचा" हवा, असं कारकुनाच्या निदर्शनास आणलं.

"बाई, फॉर्म छापून आलाय."

"छापून आलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही. माझं पोट त्यावर चालतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, की बाईंना तक्रार वर करायची असेल तर पत्ता तिथलाच लिहा. रांग हसली. लेकीने रकाना कोरा सोडला आणि मान ताठ ठेवून बाहेर पडली. ताठ मानेमुळे तिला पायरी दिसली नाही, पण ते असो.

आठवड्याने फॉर्म परत आला. वर तांबडा शिक्का होता: "पत्ता अपूर्ण."

तिला कचेरीचा, कारकुनाचा, छपाईचा, कशाचाच राग आला नाही. फक्त लाज वाटली. चौतीस वर्षांत अपुऱ्या पत्त्याचं पत्र बाबांनी तीन जणांना विचारल्याशिवाय परत जाऊ दिलं नव्हतं, आणि त्यांच्याच नावाच्या कागदावर हा शिक्का. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर उभं राहून तिने सध्याच्या पत्त्यात लिहिलं, "गच्चीवरची खोली," आणि खाली रस्ता, इमारत, सगळं, बाबा लिहीत तसं, ओळीखाली ओळ. मग वरच्या रकान्यातलं "सरकारी नोकरी" खोडलं आणि पहिल्यांदाच लिहिलं, "सॉर्टर."

कारकून फॉर्म घेऊन आतल्या साहेबांकडे गेला. साहेब म्हातारे होते, चष्मा कपाळावर होता. त्यांनी रकाना बोटाने चाचपत वाचला.

"सॉर्टर होते? मग पत्ता काय तपासायचा," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

बसमध्ये लेक पार्सल मांडीवर घेऊन अशी बसली होती, की शेजारच्या बाईंनी न सांगता खिडकीची जागा दिली.

पेटी उघडली. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: "वीजपुरवठा वेगळा घ्यावा."

"इतक्या लांबून आली ती उपाशीच?" आई म्हणाली.

वीजपुरवठा निवडायचा म्हणजे काय, याचं उत्तर भिंतीवर होतं. प्लगच्या वर बाबांनी टाचणीने चिठ्ठी लावली होती, तीन ओळींची.

"व्होल्ट: पुस्तकात लिहिलेत तेवढेच. अँपियर: इंजिनांना लागतात त्याहून बरेच जास्त. शेजारी: ऐकून घेणे."

पहिल्या दोन ओळींमागचं तत्त्वज्ञान आईला पाठ होतं, कारण ते तिला जेवताना अनेकदा ऐकावं लागलं होतं. व्होल्ट म्हणजे टपालाची पिशवी किती उंचावरून टाकता ते. फार उंचावरून टाकली तर आतलं फुटतं. अँपियर म्हणजे ड्यूटीवर माणसं किती. जास्त असली तर बिघडत नाही, लागतील तेवढी उठतात, बाकीची बसून राहतात. आईने हे भाजी निवडता निवडता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, की मला काही त्यातलं कळत नाही हं.

पुस्तिकेत पंधरा व्होल्ट होते. पहिल्या दुकानदाराने बारा दाखवले. सगळे बाराच नेतात, तुमचं काय वेगळं आहे? दुसऱ्याकडे चोवीस होते. बारा आणि चोवीसच्या मध्ये काही नसतंच, असं तो इतक्या ठामपणे म्हणाला, की लेकीला भूमितीचं पुस्तक आठवलं. इकडे मीटरवाले काका पहिली ओळ न वाचता तिसऱ्या ओळीचा अनुभव देत होते. त्यांच्याकडे मोडक्या लॅपटॉपचा चार्जर होता, एकोणीस व्होल्टचा. "चार व्होल्टांनी काय होतंय? आपलीच गाडी आहे." लेकीने ऐकून घेतलं आणि ती तिसऱ्या दुकानात गेली. तेवढ्यात काकांनी प्रेमाने चार्जर लावला. पेटीचा दिवा तांबडा होऊन सहा वेळा लुकलुकला आणि पेटीने डोळे मिटले.

लेक आली तेव्हा काका टेबलापासून चार पावलं दूर, हात मागे बांधून उभे होते.

"झोपलीय," ते म्हणाले. "मी हात लावलेला नाही."

पेटीत स्वतःला वाचवण्याची सोय होती; काकांसारखे लोक लांबच्या मुलखातही असतात, हे कारखानदाराला ठाऊक असावं. चौथ्या दुकानात पंधरा व्होल्ट, तीन अँपियर मिळालं. लावलं. पेटी हिरवी झाली. लेकीने खोलीचं दार उघडं टाकून खाली हाक मारली आणि आई पहिल्यांदाच गुडघ्यांची तक्रार न करता जिना चढून आली.

रविवारला चार दिवस होते. पुस्तिकेत म्हटलं होतं, की कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा नंबर तीन असतो.

"जगातली सगळी इंजिनं तीन नंबरात राहतात?" काका म्हणाले. "दाटीवाटी होत असेल."

ते हसण्यावारी नेणं ही लेकीची चूक. तिने तीन दाबलं. लाल निघालं. हिरवंही निघालं, कारण पत्र त्यालाही आलं होतं. दोघं समोरासमोर होती आणि मध्ये बुटांच्या खोक्याचा बोगदा. आतून आवाज आला. हिरवं इंजिन पाय वर करून बाहेर पडलं.

"पोचलं," काका म्हणाले.

मग नवा नंबर द्यायचा ठरलं. लेकीने पुस्तिका वाचली, हुकूम दिला, लाल इंजिनाचा नंबर सात केला आणि सात दाबलं. दोन्ही निघाली. इंजिन एकटंच वेगळ्या रुळावर ठेवून नंबर द्यावा, नाहीतर रुळावरची सगळी तोच घेतात, हे पानाच्या तळटीपेत होतं. तळटीप. वीस वर्षं लोकांच्या तळटिपा तपासणाऱ्या बाईने तळटीप वाचली नव्हती. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा, आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून. लेकीचा अपमान इतका पूर्ण होता, की त्यात एकही दुरुस्ती सुचवण्यासारखी नव्हती.

वेगळ्या रुळाचा तुकडा शोधायला तिने टेबलाचा खण ओढला. तुकडा होता. त्याच्याखाली वही होती.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर बाबांनी तक्ता आखला होता: इंजिन, नंबर, कारण. सॉर्टरचं अक्षर, एकेक वेगळं, लांबून वाचता येईल असं. हिरव्यापुढे लिहिलं होतं, "२६. हिला विचारले." कारणाच्या रकान्यात, "बस."

"सव्वीस नंबरच्या बसने यायचे ना," आई म्हणाली. "कोपऱ्यावर वळताना तिचा आवाज यायचा. मग मी गॅस पेटवायची. मी लगेच सांगितलं सव्वीस. त्यांनी विचारलं, का? तेही सांगितलं. खूश झाले."

लालपुढे लिहिलं होतं, "लेकीला विचारले. 'कुठलाही' म्हणाली. पत्ता अपूर्ण. पुन्हा विचारणे."

कारणाचा रकाना कोरा होता.

लेकीने हिरव्याला सव्वीस दिला. लालला काही दिला नाही. आईने एकदा विचारलं, मग विचारलं नाही. काकांनी नऊ सुचवला, मग त्यांचा जुना फोन नंबर. खरं तर लालचा नंबर लेकीला वहीचं पान वाचताक्षणीच ठाऊक झाला होता. पण नुसता आकडा दाबून भागलं नसतं. बाबांनी विचारलं असतं, का?

रविवारी सोसायटीची माणसं खुर्च्या घेऊन गच्चीवर आली. सेक्रेटरींच्या खिशात मोजायची टेप होती. लेकीने हिरवं इंजिन, चार डबे, सव्वीस नंबर, सोडलं. शालीच्या कुरणातून गाडी गेली, बोगद्यात शिरली आणि, सगळ्यांनी श्वास धरला असताना, पलीकडून सुखरूप बाहेर आली. टाळ्या पडल्या. काकांनी वाकून त्या स्वीकारल्या. आई गाडीकडे बघत नव्हती. कोपऱ्याच्या वळणावर कान देऊन बसली होती.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. गाडी उत्तम आहे, ते म्हणाले, प्रश्नच नाही. पण अर्जात "गाड्या" असं अनेकवचन आहे. शब्द त्यांचा नाही, अर्जदाराचा आहे.

"अर्जदाराचा नाही," लेक म्हणाली. "माझा आहे. आणि बरोबर आहे."

तिने लाल इंजिन उचललं, वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर एकटं ठेवलं, या वेळी तळटीप आठवून. दोन बटणं दाबली. एक आणि एक. इंजिनाने होकार दिल्यासारखा बारीक धक्का दिला. तिने ते दुसऱ्या कड्यावर ठेवलं आणि अकरा नंबरला हुकूम सोडला. हिरवं आपल्या वाटेने चाललंच होतं. लाल आपल्या वाटेने निघालं. दोन्ही गाड्या एकमेकींजवळून गेल्या. एकच वीज, एकच पेटी, आणि ज्याचं पत्र त्याला. सेक्रेटरींनी टेप खिशात आणखी खाली सरकवली आणि ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"अकरा का गं?" काकांनी विचारलं.

लेकीने वही उघडली, पेन्सिल कारणाच्या रकान्यावर टेकवली आणि लिहिलं मात्र नाही. वीस-पंचवीस माणसं बसली होती, सेक्रेटरी होते. तिने लाल इंजिनाकडे बघितलं आणि ती स्पष्ट, एकेक शब्द वेगळा असा बोलली.

"बाबा, अकरा. तुमच्या घोड्याचा नंबर. मी दहा वर्षांची होते, आईने डबा देऊन पाठवलं होतं, आणि मी तो लगेच दिला नाही. खांबामागे उभी राहिले. तुम्ही पत्त्यावर नजर टाकत होता आणि खणाकडे न बघताच पत्र सोडत होता. मी दोनशेपर्यंत मोजली. एकही चुकलं नाही. शाळेत सगळ्यांना मी सरकारी नोकरी सांगितली, आणि तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तेव्हापासून मी रोज लोकांच्या चुका बघते, बाबा. तुमच्याइतकं बिनचूक काही मी अजून पाहिलेलं नाही."